बावीस अन् एकतीस, एकूण बावीसशे एकतीस

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घरात हिशोबावरून रोज वाजतं. संध्याकाळी काटा लागतो, कोणाचे 22 किलो, कोणाचे 31, मी ते वहीत मांडतो आणि बाजाराच्या आदल्या रात्री बेरजेला बसलो की वहीवर चहा तरी सांडलेला असतो, नाहीतर सातचा एक झालेला असतो. यंदा म्हटलं, कॉम्प्युटरलाच कामाला लावू. पुण्याच्या पुतण्याला फोन केला.

"काका, पायथन शिका. कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा, एकदम सोपी आहे. एका वीकेंडचं काम."

आमच्या राळेगाव तालुक्यात वीकेंड नसतो, बाजाराचा दिवस असतो. पण हे त्याला सांगेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या 14 लिंका येऊन पडल्या होत्या. साऱ्यांवर 'अगदी नवशिक्यांसाठी' असं लिहिलेलं. पहिली उघडली. दुसऱ्याच ओळीत, 'प्रोग्रामिंगची थोडी तोंडओळख असावी.' म्हणजे पोहायला शिकवतो, फक्त वर्धा नदी ओलांडून पलीकडच्या काठावर या.

तालुक्याच्या एका क्लासात गेलो, तर त्यांनी आधी माझं वय विचारलं आणि मग "मुलाला घेऊन या" म्हणाले.

शेवटी रद्दीच्या भावात एक जाडजूड पुस्तक मिळालं. पहिला धडा, स्क्रीनवर 'हॅलो वर्ल्ड' छापणे. आता एमएस-सीआयटी मी केलेली, त्यामुळे लिहिणं म्हणजे वर्ड, एवढं मला पक्कं ठाऊक. ओळ वर्डमध्ये लिहिली, जराशी ठळक केली, तिथून उचलून पायथनमध्ये टाकली. एरर. तीन दिवस एरर. चौथ्या दिवशी कळलं की वर्ड आपल्या हौसेनं अवतरणचिन्हं वाकडी, गोलसर करतो आणि पायथनला सरळ लागतात. हे कोणत्याही पुस्तकात पहिल्या पानावर का नसतं? कारण लिहिणाऱ्याला वाटतं, एवढा येडा कोण असणार! मी आहे ना.

चिन्हं सरळ केली, तरी एरर. यावेळी तक्रार कंसाची. पुस्तकात प्रिंटपुढे कंस नव्हता आणि कॉम्प्युटर कंसाशिवाय ऐकत नव्हता. चूक दोघांचीही नव्हती. पुस्तक पायथन 2 चं होतं आणि माझ्याकडे पायथन 3. हे तिसरं 2008 मध्येच आलेलं, आणि दुसऱ्याची देखभाल 1 जानेवारी 2020 पासून कायमची बंद. बियाण्याच्या पाकिटावर मुदत छापतात, पुस्तकावर छापत नाहीत. मी आपला मुदत गेलेलं बियाणं पेरून उगवायची वाट पाहत बसलो होतो.

मग व्हिडिओ. हिंदीतला एक 12 तासांचा निघाला, त्यातला पहिला अर्धा तास गुरुजी स्वतःबद्दलच बोलत होते. हार्वर्डचा सीएस-50 नावाचा फुकट कोर्स मात्र मला मनापासून आवडला. त्यातले मास्तर टेलिफोन डिरेक्टरी मधोमध उघडतात आणि ज्या अर्ध्यात नाव नाही तो अर्धा फाडून फेकतात. उरलेल्याचंही तेच. हजार पानांतून दहा वेळा फाडून नाव हाती येतं. मी हे पानठेल्यावर सांगितलं, तर सरपंच म्हणाले, "आपल्या इथं मतदार यादी अशी फाडून पाय बरं." पण मास्तरांचं इंग्रजी एवढं वेगात, की मला फाडलेलं तेवढंच समजलं.

गाडं रुळावर आलं ते मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मुळे. दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठी आवाजसुद्धा, आणि बोलणारी बाई घाई करत नाही. भाषेपेक्षा मला त्यातून रीत सापडली. व्हिडिओ थांबवा, तेवढंच स्वतः करून पाहा, मग पुढे जा. मधे लाइट गेली की तो आपोआपच थांबायचा.

पायथनशी माझं जमलंही लवकर. आत घ्यायची ओळ डावीकडून चार जागा सोडून लिहायची आणि एकदा धरलेलं अंतर मोडायचं नाही, मोडलं की एरर. आमचा बाप असाच होता. तास जरा वाकडं गेलं की धुऱ्यावरून ओरडायचा. शिवाय पायथन 3 मध्ये आकडे ठेवायच्या कप्प्यांना नावं देवनागरीतही देता येतात, म्हणून मी चक्क 'सोमवार' आणि 'मंगळवार' अशी नावं दिली. इतका आनंद मला बारावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी वेचणाऱ्या बाया ओसरीवर जमल्या. सगळ्यात जुन्या काकूंपासून सुरुवात केली. सोमवारी 22, मंगळवारी 31, भाव दहा रुपये किलो. मी ऐटीत एंटर मारलं. एकूण कापूस 2231 किलो.

पुढच्या ओळीत मजुरी होती. 2231, पुन्हा 2231, पुन्हा 2231, असं दहा वेळा. 40 आकडी रक्कम.

कारण नंतर कळलं. कीबोर्डवरून आलेलं काहीही पायथन आकडा मानत नाही, अक्षरं मानतो. त्यामुळे 22 आणि 31 ची बेरीज न करता त्यानं दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवले, आणि दहानं गुण म्हटल्यावर तेच दहा वेळा लिहून काढलं. 'इंट' नावाचा एक शब्द लावला की सारं सुधारतं. पण तो धडा पुढच्या व्हिडिओत होता.

"काय म्हंते हो मशीन?" बायकोनं आतून विचारलं.

काकू चष्मा सावरत वाकल्या आणि एकेक आकडा बोटानं मोजू लागल्या. मी घाईघाईत म्हणालो, "काकू, चुकलं हो. पाचशे तीस होतात."

"तुमी कायले मधात बोलता भाऊ," काकू म्हणाल्या. "मशीन म्हंते तेवढेच द्या. आपन काई नाई म्हनत."