पंप ओरडतोय म्हणून पंप बदलू नका

जुन्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग घूं घूं करायला लागलं की निदान आधीच ठरलेलं असतं: पंप गेला. नवा पंप बसतो, काही दिवस शांततेत जातात आणि तोच सूर पुन्हा सुरू होतो. मग शिव्या नव्या पंपाला. माझं मत विचाराल तर अशा बहुतेक केसेसमध्ये पंप हा तक्रारदार असतो आणि आपण त्यालाच आत टाकतो.

हे सगळं हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने हलकं होणाऱ्या स्टेअरिंगबद्दल आहे. बॉनेटखाली स्टेअरिंग ऑइलची टाकीच नसेल तर गाडीत इलेक्ट्रिक स्टेअरिंग आहे, तिथे यातलं काही लागू नाही. टाकी आहे पण बेल्टवर पंप नाही, अशी मोटरवर चालणाऱ्या पंपाची गाडीही असते. तिच्यात ऑइलबद्दलचं सगळं लागू, बेल्टबद्दलचं सोडून द्या.

आधी आवाज कुठला ते ओळखा. स्टेअरिंग फिरवलं की वाढणारी आणि इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी घूं घूं म्हणजे ऑइलमध्ये हवा किंवा पंपाला कमी पडणारं ऑइल. स्टेअरिंग झटकन पूर्ण कापल्यावर येणारी किंचाळी बेल्टची. टोकाला टेकवल्यावर येणारं सूंऽऽ हा बिघाड नाही, जादा दाब सोडणारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्याचा तो आवाज आहे. तरी तिथे पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, ऑइल भराभर तापतं. खड्ड्यात किंवा जागेवर फिरवताना खटखट आली तर तिचा पंपाशी संबंध नाही. इंजिन बंद ठेवून एकाने स्टेअरिंग दोन-तीन सेंटिमीटर डावी-उजवीकडे हलवावं आणि दुसऱ्याने टाय रॉड एंड (चाकाकडचा सांधा), रॅकचे (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या यंत्रणेचे) रबरी बुश, स्टेअरिंग कॉलमच्या खालचा क्रॉस असा एकेक जोड हाताने चाचपावा. ढिला जोड बोटांना लगेच कळतो. स्टेअरिंग कापताना स्प्रिंग उडी मारल्यासारखी टण्ण वाजत असेल तर वरचं स्ट्रट माउंट, म्हणजे पुढच्या शॉकअपचा वरचा जोड बघा.

बेल्टची परीक्षा सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा हलका फवारा मारा, हात आणि कपडे लांब ठेवून. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे. पुली आणि टेन्शनरचे (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचे) बेअरिंग तपासायचे तर इंजिन बंद करून बेल्ट काढा आणि एकेक पुली हाताने फिरवा. खरखर किंवा खेळ लागला तर सापडलं. बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, त्यामुळे बेल्टशिवाय इंजिन चालवून ऐकायचं तर काही सेकंदांपुरतंच.

आता मुख्य गोष्ट, घूं घूं. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या जाड नळीत दाब नसतो, उलट किंचित ओढ असते. त्यामुळे तिथला जोड सैल झाला तर ऑइल बाहेर गळेलच असं नाही, हवा मात्र आत जाते. खाली थेंब नाही म्हणून ‘लीकेज नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि गाडी तिथेच फसते. हे बुडबुडे पंपाच्या दाबाच्या बाजूला गेले की फुटतात, आवाज करतात आणि पंपाच्या आतली कॅम रिंग (पाती जिच्यात फिरतात ती कडी) खरवडत जातात. म्हणजे दुर्लक्ष केलं तर पंप खरंच जातो, पण तो परिणाम म्हणून.

हवा आहे का ते टाकीच सांगते. इंजिन चालू असताना झाकण काढून बघा: ऑइल फेसाळ, दुधट दिसतंय का? मग लेव्हल बघून इंजिन बंद करा. बंद केल्यावर लेव्हल वर चढली तर आत हवा दबलेली आहे. लेव्हल मुळातच कमी असेल तर आधी ती भरा. परत येणाऱ्या ऑइलची धार वरून पडायला लागली की टाकीतच फेस होतो, आणि एवढ्यानेच बऱ्याच गाड्या गप्प होतात. पण ऑइल कमी का झालं ते शोधल्याशिवाय झाकण लावू नका. डिपस्टिकवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात, थंड इंजिनवर गरमच्या खुणेपर्यंत भरू नका.

लेव्हल ठीक असूनही फेस असेल तर संशयित तीन. पहिला, पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग. जुनी रिंग काढून आडवी कापून बघा: गोल असायला हवा तो काप चपटा झालेला असतो आणि नखाने दाबल्यावर चिरतो. वस्तू क्षुल्लक, पण अख्ख्या पंपाचं बिल हिच्यामुळे फाटतं. नवी रिंग त्याच मापाची, ऑइल चालणाऱ्या नायट्राइल रबराची घ्या आणि स्टेअरिंग ऑइलचा हात फिरवून बसवा. दुसरा, नळीची कडक झालेली टोकं. लांबी पुरत असेल तर टोक सेंटिमीटरभर कापून पुन्हा चढवा, नाहीतर नळी बदला. रेडिएटरची नळी इथे लावू नका, तिचं रबर ऑइलने फुगतं. क्लिप आवळतानाही हात आखडता ठेवा, टाकीचं प्लास्टिकचं तोंड तडकलं तर नवी भानगड. संशयित जोडावर त्याच जातीचं ऑइल ब्रशने लावा: आवाज काही क्षण बदलला तर चोर तिथेच.

तिसरा, टाकीच्या तळाची जाळी. अनेक टाक्यांत ती आतच बसवलेली असते आणि वेगळी मिळत नाही. वर्षानुवर्षांच्या गाळाने ती बुजली की पंपाला ऑइल ओढायला जोर लागतो. थंडीत सकाळी आवाज, इंजिन तापलं की शांत, असं असेल तर ऑइल थंडीत घट्ट होतं हे लक्षात घेऊन आधी जाळी आणि ओ-रिंगकडे बघा. धुऊन भागलं नाही तर टाकीच बदला.

ऑइलबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. काही गाड्यांना डेक्सरॉन जातीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, होंडाचं स्वतःचं वेगळं आहे, काही युरोपीय गाड्यांना हिरवं सीएचएफ नावाचं हायड्रॉलिक ऑइल. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घाला. रंग बघून ठरवू नका. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, सील फुगून पंपापासून रॅकपर्यंत सगळं गळायला लागतं. ‘लीक बंद करणारं’ औषध हा प्रकार मला पटत नाही: तेही सील फुगवूनच काम करतं, आणि ओ-रिंग चपटी ती चपटीच राहते.

ऑइल काळं किंवा जळकं असेल तर बदला. मोठ्या सिरिंजने टाकी उपसून भरत राहणं सोपं, पण एका वेळी तिसरा हिस्साच बदलत असेल तर चार वेळांनंतरही जवळपास पाचवा हिस्सा जुनाच राहतो. नीट करायचं तर पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. परतीची नळी टाकीपासून सोडवून बाटलीत घाला, टाकीचं ते तोंड बुजवा आणि इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा. टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा पुन्हा आत. लहान गाडीत साधारण लिटरभर ऑइल असतं, हाताशी दोन लिटर ठेवा.

हवा काढायलाही तीच पद्धत: नळी जोडा, भरा, इंजिन बंद ठेवून वीसेक वेळा सावकाश फिरवा, मधे मधे लेव्हल बघा. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून पुन्हा फिरवा, टोकाला थांबू नका. घाईने फिरवलं तर हवा बारीक फेसात मिसळते आणि मग गाडी तासभर उभी ठेवण्याशिवाय उपाय नसतो.

एवढं करूनही स्टेअरिंग फिरवा न फिरवा गुरगुर सारखीच असेल, किंवा ऑइलमध्ये धातूची चमक दिसत असेल, तर पंप खरंच गेला. तो बदलण्याआधी सगळं फ्लश करा आणि परतीच्या नळीत चुंबकाची छोटी फिल्टर घाला, जुन्या पंपाचा चुरा रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये जायला नको. पुली घट्ट बसणारी असेल तर पुलरनेच काढा आणि योग्य टूलनेच बसवा. हातोडी मारली तर शाफ्ट आत सरकून नवा पंप पहिल्याच दिवशी खराब होतो. बॅन्जो बोल्टचे, म्हणजे दाबाची नळी पंपाला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे दोन्ही वॉशर नवे घाला. जास्त दाबाची नळी बसवताना ती सबफ्रेमला (इंजिनखालच्या लोखंडी चौकटीला) टेकत नाही ना बघा, टेकली तर तिची थरथर केबिनमध्ये पंपाच्या आवाजासारखीच ऐकू येते. शंभरेक किलोमीटरनंतर गाडी थंड असताना लेव्हल आणि बॅन्जोभोवतीचा ओलसरपणा पुन्हा एकदा तपासा.