न मिळालेल्या सहीबद्दल

गेल्या महिन्याअखेर आमचे सर महाविद्यालयातून सेवानिवृत्त झाले. त्यांची ओळख बहुतेकांना इतिहासाचे प्राध्यापक म्हणून असली, तरी मला ते राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी म्हणूनच आठवतात. सर फेसबुकवर नाहीत आणि स्वतःविषयी कोणी चांगले बोलू लागले की ते चपला शोधू लागतात, त्यामुळे समोर बसून जे सांगता आले नाही ते इथे निर्धास्तपणे लिहितो आहे.

रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे महाविद्यालय. २०१० साली मी योजनेत नाव नोंदवले, ते समाजसेवेच्या ओढीने मुळीच नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत स्वयंसेवकांना सवलतीचे दहा गुण मिळतात, ही माहिती वरच्या वर्गातल्या मुलांनी पुरवली होती आणि माझ्या अर्थशास्त्राच्या गुणपत्रिकेला त्या दहांची फार गरज होती. त्या बदल्यात दोन वर्षांत २४० तास काम करायचे, म्हणजे वर्षाला १२०, आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी श्रमसंस्कार शिबिर करायचे. हिशेब सोपा वाटला होता.

शिबिराच्या पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला कुदळ-फावड्याला हात लावू दिला नाही. ओहोळावर वनराई बंधारा घालायचे ठरले होते, सिमेंटच्या रिकाम्या गोण्याही जमवून झाल्या होत्या, आणि आम्ही उत्साहाने जागा हेरून ठेवली होती. सरांनी मात्र दोघादोघांच्या जोड्या करून आम्हाला घरोघरी पाठवले. "बंधारा कुठे घालू, एवढेच विचारायचे आणि ऐकून यायचे," असे त्यांनी बजावले होते. आम्ही गेलो त्या घरातल्या काकू हातातले भात पाखडणे न थांबवता म्हणाल्या, "घाला की, पण आमची धुण्याची जागा बुडवू नका म्हणजे झालं." आम्ही निवडलेल्या ठिकाणी बंधारा झाला असता, तर अडलेले पाणी नेमके त्याच कातळावर चढले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्याची जागा बरीच वर सरकली. गोण्यांत माती भरून, तोंडे शिवून, त्या आम्ही एकीवर एक अशा सरळ रचत गेलो, तेव्हा चार थर झाल्यावर सरांनी ते सारे उतरवायला लावले. भिंतीतल्या विटांसारखे सांधे चुकवले नाहीत, तर पाणी त्याच फटीतून वाट काढणार, हे त्यांनी आधीही सांगितले होते. आम्ही ऐकले नव्हते. ते रागावले नाहीत. स्वतः ओहोळात उतरून पहिली गोणी उचलली. त्या पाण्यावर उन्हाळ्यापर्यंत गुरांची सोय झाली आणि काठच्या दोन-तीन वाड्यांत भाजी झाली, एवढेच त्या कामाचे फळ. त्याला क्रांती वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

परंतु मी सरांचा खरा ऋणी आहे तो दुसऱ्या वर्षातल्या एका प्रसंगामुळे. त्या वर्षी तीन रविवारी मी श्रमदानाला न जाता मित्रांबरोबर भटकायला गेलो होतो आणि गटप्रमुखाने मैत्रीखातर माझी हजेरी लावून टाकली होती. वर्षअखेरीस कार्यदैनंदिनी सहीसाठी पुढे केली, तेव्हा सरांनी पाने उलटली, त्या तीन तारखांवर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे अठरा तास झालेले नाहीत. परीक्षेला अजून सहा आठवडे आहेत." बस, एवढेच. मी मनातून इतका संतापलो की ते गुणच नकोत असे ठरवून टाकले. पण पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता सर एसटी स्थानकावर माझ्यासाठी उभे होते. सलग तीन रविवार आम्ही दोघे त्याच गावात गेलो आणि हातपंपाजवळ साचणाऱ्या सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले. अठरा तास माझे कमी होते. सरांचे कोणतेच तास कमी नव्हते.

राष्ट्रीय सेवा सक्तीची असावी की ऐच्छिक, हा आपल्याकडे जुना वाद आहे. रायगड जिल्ह्यातच जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ साली नेमलेल्या समितीने विद्यार्थ्यांसाठी सक्तीच्या सेवेची शिफारस केली होती. प्रत्यक्षात २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झालेली योजना मात्र ऐच्छिक ठेवली गेली. मला ते योग्यच वाटते. पण ऐच्छिक कामाचा सगळा डोलारा शेवटी सही करणाऱ्यावर उभा राहतो, हे आपण विसरतो. आधीच झाडलेल्या रस्त्यावर नवे झाडू घेऊन काढलेली छायाचित्रे आणि कामापेक्षा मोठे फलक आपण सर्वांनी पाहिले आहेत. शंभर मुलांचे पथक, स्वतःचे पूर्ण वेळ अध्यापन आणि वर अहवालांचा ढीग सांभाळणाऱ्या प्राध्यापकाने डोळे मिटून सह्या केल्या, तर त्याला कोणी जाब विचारत नाही. सरांनाही कोणी विचारला नसता.

आज मी ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीच्या नावाने ग्रामसेवक, आहे. रोजगार हमीच्या हजेरीपत्रकावर सही करताना, कामावर न आलेल्याचे नाव "जाऊ द्या हो भाऊसाहेब" म्हणत पुढे सरकवले जाते, तेव्हा ती सही होत नाही. त्यामुळे मी काही गावांत फारसा लोकप्रिय नाही.

निरोपसमारंभ आटोपल्यावर मी पिशवीतून ती जुनी दैनंदिनी काढून सरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून शेवटचे पान पाहिले, बेरीज पुन्हा एकदा तपासली आणि विचारले, "तिथे अजून दरवर्षी बंधारा घालतात का रे?" गोण्यांचा बंधारा पावसाळ्यात वाहून जातो, तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो. मी कित्येक वर्षांत तिकडे फिरकलोच नव्हतो, हे मला कबूल करावे लागले. सरांनी दैनंदिनी मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "भातकापणी झाली की जाऊ. जाताना गोण्या घेऊन जाऊ."

शंभर गोण्या मी सांगून ठेवल्या आहेत.