रविवारची उपासना आणि टेबलावरचं बिल : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काका, सप्रेम सलाम.

तुमची प्रतिक्रिया मी सावकाश वाचली. ख्रिस्ती माणसाची उपासना रविवारच्या आशीर्वचनाने संपत नाही, सोमवारच्या कामातही ती चालू राहते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की सगळ्यालाच उपासना म्हटलं तर उपासना म्हणून वेगळं काही उरत नाही. अशा लेखांचा आधार घेऊन तरुण मुलं रविवारी घरी बसतील. आणि प्रामाणिक काम तर देव न मानणाराही करतो, मग ख्रिस्ताची गरज काय? तुम्ही हे मंडळीच्या, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या आपल्या लोकांच्या, काळजीपोटी लिहिलंय, हे ओळी वाचताना जाणवतं. म्हणून उत्तरही मोकळेपणाने देतो.

केलेलं प्रत्येक काम उपासना होतं, असं मी मानत नाही. ठाण्याहून लोकल पकडून तुर्भ्याला कामावर जाणं ही आपोआप उपासना होत नाही. पण पवित्र शास्त्रात वेदी आणि व्यवहार एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे पाहण्यासाठी जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा 19 वा अध्याय एका बैठकीत वाचा. ‘तुम्ही पवित्र असा’ अशी आज्ञा सुरुवातीलाच येते. मग शांत्यर्पणाचा (देवाशी सलोख्यासाठी वेदीवर वाहिलेल्या पशूचा) नियम : त्याचं मांस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खावं, तिसऱ्या दिवशी उरलेलं जाळून टाकावं. हा अगदी वेदीचा नियम. आणि लगेच पुढचं वचन शेतात जातं! कोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, गळालेली द्राक्षं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. पुढे मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. 30 व्या वचनात पवित्रस्थानाविषयी आदर आहे, 35 व्या आणि 36 व्या वचनांत खरा तराजू आणि खरी वजनं आहेत. मध्ये कुठे ‘आता धर्म संपला, व्यवहार सुरू’ असं लिहिलेलं नाही. वाशीच्या मार्केटमध्ये काट्यावर पोतं चढवणाऱ्यालाही हा अध्याय तितकाच लागू आहे, जितका वेदीजवळ उभ्या असलेल्या पाळकांना.

मजुरीचं ते वचन मला जवळचं आहे, कारण माझं काम बिलांचं. एका छोट्या टेम्पोवाल्याचं बिल माझ्या टेबलावर येतं. सोबत माल पोचवल्याच्या चलनाची गुलाबी कॉपी, मागे गेटवरच्या सिक्युरिटीचा शिक्का आणि सही. माल पोचलाय, तक्रार काही नाही. तरी वरून निरोप येतो, ‘पुढच्या महिन्यात बघू.’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावेत, असं 2006 चा कायदा सांगतो. पण हप्ता आणि डिझेल उधारीवर चालवणारा माणूस कायदा घेऊन दारात येत नाही. तो फोन करतो आणि ‘सर, जरा बघा ना’ म्हणतो. अशा वेळी ते बिल पुन्हा पेमेंटच्या यादीत सगळ्यात वर घालणं, साहेबांपुढे जाऊन ‘हे थांबवण्याचं कारण काय लिहू?’ असं विचारणं, आणि ‘तुला काय पडलंय?’ हे ऐकून घेणं, एवढंच माझ्या हातात असतं. आदल्या दिवशी मंडळीत ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हटलेलं तोंड तिथे गप्प राहिलं, तर त्या गाण्याचं काय करायचं? आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात देव गाण्यांचा गोंगाट दूर करा म्हणतो, तो गाणं वाईट म्हणून नव्हे. गाणारे वेशीवर गरिबाला न्याय नाकारत होते म्हणून.

आता तुमचा तिसरा मुद्दा, आणि तोच सगळ्यांत मोलाचा. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी देव मानत नाही. टेम्पोवाल्याच्या बिलासाठी तो माझ्याइतकाच, कधी माझ्याहून जोरात बोलतो. त्याचा चांगुलपणा खरा आहे, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. त्याला गुपचूप उपासक ठरवणं मला त्याचा अपमान वाटतो. उपासना कोणासमोर तरी केली जाते. नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात प्रेषित पौल आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो, पण त्याआधी देवाच्या करुणेची आठवण देतो. आधीचे अकरा अध्याय तो त्या करुणेबद्दलच बोललाय. मी साहेबांसमोर उभा राहतो तेव्हा देवाकडून काही मिळवायला उभा नसतो. जे फुकट मिळालंय त्याचं उत्तर देत असतो. हे देणं कोणाचं, हे विसरलो तर माझं काम चांगलं राहील, पण उपासना राहणार नाही. इथे तुमचं आणि माझं एकमत आहे असं मला वाटतं.

आणि नेमकं म्हणूनच रविवार सोडून चालत नाही. ती करुणा मी स्वतःला आठवून देऊ शकत नाही. पापांगीकार, म्हणजे आपल्या पापांची कबुली, मोठ्याने, सगळ्यांबरोबर म्हणावा लागतो. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीची, भाकर दुसऱ्याच्या हातून घ्यावी लागते. पौलाच्या काळातलं प्रिस्किल्ला आणि अक्विला हे जोडपं, ते तंबू शिवून पोट भरत होते, आणि त्यांच्याच घरी मंडळी जमत होती. घरी झोपून राहणाऱ्या मुलाला माझ्या लेखात आधार सापडणार नाही. सापडलाच, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ‘रविवारी न येणारे सगळे सारखेच’ असं तुम्ही लिहिलंत. आमच्या मंडळीतल्या एक सिस्टर आहेत, रुग्णालयात रविवारी सकाळची ड्युटी वारंवार लागते. त्या वेळी त्या कोणाचं तरी अंग पुसत असतात, कोणाचं सलाइन बदलत असतात. त्यांना मी गैरहजर म्हणू शकत नाही, आणि ‘तुमचं कामच उपासना, येऊ नका’ असंही सांगू शकत नाही, कारण प्रभुभोजनाची ओढ त्यांना आपल्याहून जास्त आहे. तुमच्या मंडळीत रविवारी संध्याकाळची उपासना होते का? होत असेल तर वेळ कळवा. त्यांना घेऊन मी येतो.