‘क्रिब्रिफॉर्म’ हा शब्द घाबरवण्यासाठी लिहिलेला नसतो

सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो आधी अशोक चौकातल्या मामांनी पाठवला, मग शेजारच्या काकांनी. मजकूर असा : ‘प्रोस्टेटच्या कॅन्सरने कुणी मरत नाही. ग्लीसन 7 म्हणजे 10 पैकी 7, सगळ्यांना तेच लिहून देतात. क्रिब्रिफॉर्म वगैरे शब्द ऑपरेशन गळ्यात मारायला. पीएसए 10 च्या आत असेल तर निवांत राहा. बायोप्सीची सुई टोचली की कॅन्सर पसरतो.’

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोप्सीच्या, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या, स्लाइड बनवते. ग्लीसन आणि क्रिब्रिफॉर्म हे त्याच बायोप्सीच्या रिपोर्टमधले शब्द. हा मेसेज वाचून कुणी रिपोर्ट कपाटात ठेवून देईल, याची मला खरंच भीती वाटते.

‘कुणी मरत नाही’ हे खोटं आहे, पण त्यामागे एक खरी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये 1,643 पुरुषांवर झालेल्या ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासात 15 वर्षांत या कॅन्सरने गेलेले जेमतेम 3 टक्के निघाले, नुसतं लक्ष ठेवलेल्यांतही जवळपास तेवढेच. पण त्यातले बहुतेक ग्लीसन 6 चे, सावकाश वाढणाऱ्या गाठीचे होते. आपली गाठ त्यातली आहे की नाही, ते रिपोर्टच सांगतो.

10 पैकी 7? नाही. डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी 1966 मध्ये ही पद्धत मांडली. पेशींच्या मांडणीच्या नमुन्याला आकडा देतात, मांडणी जितकी बिघडलेली तितका मोठा. गाठीत जास्त दिसणाऱ्या नमुन्याचा आकडा आधी, दुसऱ्याचा नंतर, आणि मग बेरीज. बायोप्सीत आज ही बेरीज 6 पासूनच सुरू होते, त्यामुळे 7 म्हणजे सत्तर टक्के नव्हे. 3+4 आणि 4+3 दोन्ही सातच, पण दुसरा जास्त जोखमीचा.

आता ‘क्रिब्रिफॉर्म’ हा शब्द. ग्लीसनमध्ये सुटी पेशी बघत नाहीत, पेशींची मांडणी बघतात. सूत नव्हे, वीण. तिसऱ्या नमुन्यात प्रत्येक ग्रंथी वेगळी असते, तिचं भोक तिचं. क्रिब्रिफॉर्म हा चौथ्या नमुन्याचा एक प्रकार, त्यात पेशींचा एकच मोठा गोळा होतो आणि त्यात चाळणीसारखी बरीच भोकं दिसतात. यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेल्या एका काकांना आमच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दोन्ही जागा दाखवल्या. काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “ताई, हितं वीण एकात एक गुतलीया की.” अगदी बरोबर. त्यांचा रिपोर्ट होता 3+4, क्रिब्रिफॉर्म आहे.

हा नमुना असेल तर गाठ बाहेर पसरण्याची आणि उपचारानंतर उलटण्याची शक्यता जास्त असते. म्हणूनच 2019 मध्ये पॅथॉलॉजिस्टांच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत ठरलं, की तो आहे की नाही हे रिपोर्टमध्ये लिहायचंच. अशा गाठीवर नुसतं लक्ष ठेवत बसण्याचा सल्ला डॉक्टर सहसा देत नाहीत. मात्र उपचार म्हणजे ऑपरेशनच असं नाही, रेडिएशनही आहे. इंट्राडक्टल कार्सिनोमा (प्रोस्टेटच्या नलिकांच्या आत वाढलेला कॅन्सर) हे शब्द असतील तर तेही तितक्याच गांभीर्याने घ्या.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये बनणारं आणि रक्तात मोजलं जाणारं प्रथिन, साध्या वाढलेल्या प्रोस्टेटने किंवा इन्फेक्शननेही चढतो. उलट फार बिघडलेल्या पेशी तो कमी बनवतात, म्हणून कमी आकड्यावर निवांत राहू नका.

सुईचं म्हणाल, तर त्या वाटेने कॅन्सर पसरल्याच्या नोंदी अत्यंत विरळ आहेत. काही दिवस लघवीतून रक्त जाणं आणि इन्फेक्शनचा धोका मात्र खरा. बायोप्सीनंतर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शंका असेल तर लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. मागायला संकोच करू नका. काकांच्या स्लाइड मीच कापसात गुंडाळून डबीत भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा ती डबी घेऊन बार्शीच्या एसटीत बसला.