रोझाबाई दमलेल्या नव्हत्या

महिला दिनाच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर जे काही येतं त्याकडे काणाडोळा करायला मी केव्हाच शिकले आहे. या वेळी ते जमलं नाही, कारण भाचीचा फोन आला. ती नववीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा, विषय ‘जग बदलणाऱ्या स्त्रिया’, वेळ तीन मिनिटं. “मावशी, काकांनी रोझा पार्क्सची भारी गोष्ट पाठवलीय. तीच पाठ करतेय.” मी ग्रुप उघडला. मजकूर असा होता:

“1955 साल. अमेरिका. दिवसभर राबून दमलेली एक वृद्ध शिंपीण बसमध्ये गोऱ्यांच्या सीटवर बसली. ऊठ म्हटल्यावर शांतपणे ‘नाही’ म्हणाली. तिच्यामागे ना संघटना, ना शिबिरं, ना बैठका, ना देणग्या. दुसऱ्या दिवशी सारं शहर आपोआप तिच्यामागे उभं राहिलं आणि कायदा बदलला! आंदोलनजीवींनी धडा घ्यावा. बैठका घेऊन क्रांती होत नाही, आणि वेगवेगळ्या जातीवर्णाची माणसं एका सतरंजीवर बसवून तर मुळीच होत नाही.”

खाली तिरंगा, जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’.

साल बरोबर आहे. देशही बरोबर आहे.

‘वृद्ध’ आणि ‘दमलेली’ हे दोन शब्द आधी निकालात काढू. 1 डिसेंबर 1955 रोजी, अटक झाली त्या दिवशी, रोझा पार्क्स 42 वर्षांच्या होत्या. (भाची लगेच म्हणाली, “आईपण बेचाळीसची आहे. तिला वृद्ध म्हणून बघ!”) 1992 साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच याचा समाचार घेतलाय: लोक म्हणतात मी दमले होते म्हणून उठले नाही, ते खरं नाही, अंग रोजच्या इतकंच दुखत होतं, दमले होते ती पडतं घेऊन घेऊन. ज्या बाईबद्दल आपण बोलतो तिनंच हे छापून ठेवलंय, आणि तरी तीस वर्षांहून अधिक काळ आपण तिला दमवतोच आहोत.

त्या गोऱ्यांच्या जागेवर बसल्या होत्या, हेही चूक. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराच्या बसमध्ये पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. त्यामागच्या रांगेत पार्क्स आणि आणखी तिघं कृष्णवर्णीय बसले होते. पुढच्या जागा भरल्या, एक गोरा उभा राहिला, तर ड्रायव्हरनं चौघांनाही उठायला सांगितलं. माणूस एक, पण कृष्णवर्णीय आणि गोरा एका रांगेत बसता कामा नये म्हणून उठायचं चौघांनी. तिघं उठले. पार्क्स खिडकीकडे सरकल्या. याच ड्रायव्हरनं 1943 मध्ये त्यांना बसमधून उतरवलं होतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यानं माझं डोकं फिरलं: ‘ना संघटना, ना शिबिरं, ना बैठका’.

रोझा पार्क्स 1943 पासून एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या सचिव होत्या. अटकेच्या आधीची बारा वर्षं. इतिवृत्त लिहिणं, पत्रव्यवहार सांभाळणं आणि अत्याचाराच्या प्रकरणांची माहिती जमवणं ही त्यांची कामं. 1944 मध्ये अ‍ॅबव्हिल गावात रीसी टेलर या तरुण बाईवर सहा गोऱ्या पुरुषांनी बलात्कार केला, तेव्हा तिचा जबाब घ्यायला संघटनेनं पाठवलं ते पार्क्स यांनाच. अशा बाईला ‘साधी शिंपीण’ म्हणणं म्हणजे सावित्रीबाईंना ‘खंडोजींची मुलगी’ म्हणून सोडून देण्यासारखं आहे. खोटं नाही, पण काय सांगितलं?

आणि शिबिर? शिबिरही झालं होतं, अटकेच्या चारच महिने आधी.

टेनेसी राज्यात माँटईगल नावाच्या डोंगराळ गावात 1932 साली माइल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी हायलँडर फोक स्कूल सुरू केलं. डेन्मार्कमधल्या लोकशाळांवरून सुचलेली कल्पना. परीक्षा नाही, पदवी नाही. गिरणी कामगार, खाण कामगार, शेतकरी, शिक्षक यांनी यायचं, काही दिवस एकत्र राहायचं, आपापल्या गावचं दुखणं मांडायचं आणि परतल्यावर काय करणार ते सांगायचं. दक्षिणेतल्या कायद्यांनी शाळा, बस, पाण्याचे नळसुद्धा वेगळे केले होते त्या काळात इथे गोरे आणि कृष्णवर्णीय एकाच टेबलाला जेवत.

1955 च्या उन्हाळ्यात, शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालाला वर्ष उलटून गेल्यावर, तो निकाल गावोगावी अमलात कसा आणायचा यावर तिथे दोन आठवड्यांचं शिबिर झालं. व्हर्जिनिया डर या माँटगोमेरीतल्या गोऱ्या बाईंनी शब्द टाकला म्हणून पार्क्स यांची जाण्याची सोय झाली. पार्क्स त्यांच्याकडचं शिवणकाम करत. म्हणजे शिवणकाम आलं, पण फॉरवर्डवाल्यांना अपेक्षित होतं त्या जागी नाही.

त्या शिबिराबद्दल पार्क्स यांनी आत्मचरित्रात जे लिहिलंय त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते सकाळचं. तळलेल्या बेकनचा आणि कॉफीचा वास यायचा आणि मनात यायचं, हे गोरी माणसं करताहेत, मी नाही. बस्स, एवढंच. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात दुसऱ्या वर्णाच्या माणसानं चुलीपाशी उभं राहून आपल्यासाठी नाश्ता करावा, हे नवल. पंगतीत कोण कुठे बसतं आणि वाढायला कोण उठतं, हे ज्यांनी घरात बघितलंय त्यांना या वासाचा अर्थ समजावून सांगायला नको. फॉरवर्ड ज्या सतरंजीची टिंगल करतो ती हीच.

तिथे त्यांना सेप्टिमा क्लार्क भेटल्या. चार्ल्स्टनच्या शिक्षिका. एनएएसीपीचं सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून पुढच्याच वर्षी त्यांची नोकरी गेली. या बाईंनी 1957 मध्ये जॉन्स बेटावर एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांची शाळा उभी केली. शिकवायला मास्तर नेमला नाही, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांना बसवलं. शिकवायचं काय, तर सही, मनीऑर्डर, आणि मतदार नोंदणीसाठी वाचून दाखवावा लागणारा राज्यघटनेचा उतारा. पुढे अशा शाळा सगळ्या दक्षिणेत निघाल्या. बैठकांनी काही होत नाही म्हणे!

एक गोष्ट मात्र मान्य करते, जिवावर आलं तरी. 1 डिसेंबरची कृती ठरवून केलेली नव्हती. हायलँडरमध्ये कुणी त्यांना ‘जा आणि बसमध्ये बसून राहा’ असं सांगितलेलं नाही. उलट शेवटच्या दिवशी ‘गावी जाऊन काय करणार?’ असं विचारल्यावर माँटगोमेरीत काही घडेल अशी त्यांना आशा नव्हती. मी आपली तरुण मुलांबरोबर काम करीन, एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हा तो ‘नाही’ त्यांचा एकटीचा होता, हे खरं. पण त्या ‘नाही’चं पुढे जे झालं ते एकटीचं नव्हतं.

‘दुसऱ्या दिवशी शहर आपोआप उभं राहिलं’ यातला ‘आपोआप’ बघा. अटक गुरुवारी झाली. जामिनाला माँटगोमेरीतले नागरी हक्क नेते ई. डी. निक्सन गेले ते व्हर्जिनिया आणि त्यांचे वकील पती क्लिफर्ड डर यांना, म्हणजे दोन गोऱ्यांना, सोबत घेऊन. त्याच रात्री महिला राजकीय परिषदेच्या जो अ‍ॅन रॉबिन्सन, इंग्रजीच्या प्राध्यापिका, कॉलेजात जाऊन पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइलवर ‘सोमवारी बसमध्ये चढू नका’ सांगणारी हजारो पत्रकं काढत होत्या. याच बाईंनी मे 1954 मध्ये महापौरांना बहिष्काराचा इशारा देणारं पत्र पाठवलं होतं. सोमवारी, 5 डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या.

आणि त्या एक दिवस नाही, 381 दिवस रिकाम्या धावल्या. तेवढे दिवस माणसं कामावर कशी गेली? तीनशेच्या आसपास खासगी गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. गाड्यांचा विमा रद्द करवला गेला, तेव्हा तो थेट लंडनहून काढला. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण बाई आणि त्यांच्या मैत्रिणी केक, पाय आणि तळलेलं चिकन विकून पैसे गोळा करत आणि दर आठवड्याच्या सभेत ते मोजून देत. देणग्या नव्हत्या म्हणणाऱ्यांनी या डब्यांचा हिशेब करावा. कित्येक गोऱ्या घरमालकिणी आपल्या मोलकरणींना स्वतः गाडीतून ने-आण करत होत्या, काही तत्त्वानं, बऱ्याच भांडी घासायला लागू नयेत म्हणून. महापौर त्यांच्यावरही चिडले होते.

‘कायदा बदलला’: बदलला तो वेगळ्या खटल्यानं. चार वादी होत्या, चौघी स्त्रिया, त्यात रोझा पार्क्स नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयानं 13 नोव्हेंबर 1956 रोजी निकाल कायम केला. तोवर पार्क्स यांची दुकानातली नोकरी गेली होती, आणि 1957 मध्ये त्यांना माँटगोमेरी सोडून डेट्रॉइटला जावं लागलं. हा भाग फॉरवर्डमध्ये का नसतो, कोण जाणे.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. काकांचं उत्तर आलं, “म्हणजे ती कम्युनिस्टांनी ट्रेनिंग देऊन पाठवलेली होती तर!” सकाळी ट्रेनिंग नव्हतं म्हणून बाई थोर, संध्याकाळी ट्रेनिंग होतं म्हणून एजंट. काका, हा आरोपही तुमचा स्वतःचा नाही. 1957 मध्ये हायलँडरच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला मार्टिन ल्यूथर किंग आले होते. जॉर्जिया सरकारनं पाठवलेल्या माणसानं तिथे त्यांचा फोटो काढला आणि तो ‘किंग कम्युनिस्ट प्रशिक्षण शाळेत’ अशा मथळ्यानं रस्त्यारस्त्यांवर मोठ्या फलकांवर झळकला. डाव्या विचारांची माणसं तिथे येत-जात, ते कुणी लपवलेलं नाही. पण टेनेसीनं 1961 मध्ये शाळेचा परवाना काढून घेतला, तेव्हा कोर्टात उभ्या केलेल्या कारणांत विनापरवाना बिअर विकल्याचं कारण होतं. त्याआधी 1959 च्या धाडीत दारू बाळगल्याबद्दल पकडलं कुणाला, तर दारूला न शिवणाऱ्या सेप्टिमा क्लार्क यांना!

आणि काका, दर 15 ऑगस्टला सोसायटीच्या झेंड्याखाली तुम्ही छाती फुगवून ‘हम होंगे कामयाब’ म्हणता ना? त्याचं मूळ इंग्रजी गाणं चार्ल्स्टनच्या संपकरी तंबाखू कामगार बायकांकडून याच ‘कम्युनिस्ट शाळेत’ आलं आणि तिथूनच सगळीकडे गेलं. पुढच्या वेळी जरा जपून.

भाचीला यातलं काय आवडलं? यातलं काहीच नाही. त्या चार वादींपैकी एकीचं वय तिनं विचारलं. क्लॉडेट कॉल्विन, 2 मार्च 1955, पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, त्याच शहरात, बसमधून ओढून काढलेली. वय 15. “मग हिच्यासाठी का नाही बस बंद पाडल्या?” मला खरं सांगावं लागलं: बैठक झाली होती. मुलगी फार लहान, गरीब घरातली, फटकळ, आणि काही महिन्यांत गरोदर. तिचा चेहरा पुढे करायला नको, असं मोठ्या माणसांनी ठरवलं. बैठकांची बाजू घेऊन तासभर भांडल्यावर हे सांगताना माझा आवाज जरा खाली गेला.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, मी पार्क्सचं भाषण नाही करणार. कॉल्विनचं स्पेलिंग सांग.”