रिमोटने गाडी लॉक करायला घाबरू नका

‘पार्किंगमध्ये गाडी रिमोटने लॉक करू नका. जवळ उभा असलेला चोर यंत्राने तुमचा कोड पकडतो, तुम्ही मॉलमध्ये शिरलात की त्याच कोडने दार उघडून गाडी घेऊन जातो. दार हातानेच लॉक करा.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, कधी कधी पोलिसांच्या नावाने. लोक काळजीपोटीच पुढे पाठवतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

‘त्याच कोडने’ हे पहिलं चूक. रिमोटचा सिग्नल हवेत पकडता येतो, हे खरं. पण १९९०च्या दशकापासून गाड्यांमध्ये रोलिंग कोड आला. प्रत्येक वेळी बटण दाबलं की नवा कोड जातो आणि एकदा वापरलेला कोड गाडी पुन्हा घेत नाही. यातूनही वाट काढता येते. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकाने स्वस्तातलं एक यंत्र दाखवलं. ते तुमचा सिग्नल गाडीपर्यंत पोचू देत नाही आणि न वापरलेला कोड साठवून ठेवतं. पण तेव्हा पहिल्यांदा बटण दाबल्यावर गाडी गप्प राहते. नुसता जॅमर (सिग्नल अडवणारं यंत्र) लावून गाडी उघडीच ठेवायची, ही तर याहून सोपी युक्ती. म्हणून बटण दाबलं की इंडिकेटर लागले का ते बघा आणि हँडल एकदा ओढा. दोन सेकंदांचं काम आहे.

‘गाडी घेऊन जातो’ हे दुसरं. दार उघडलं म्हणजे इंजिन सुरू होत नाही. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इमोबिलायझर, म्हणजे गाडीतली चोरीविरोधी यंत्रणा, ते सुरू होऊ देत नाही. अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या इमोबिलायझर नसलेल्या गाड्या २०२१-२२ मध्ये यूएसबी केबलच्या टोकाने चालू करून पळवल्या गेल्या. आपल्या गाडीत तो आहे का, हे सर्व्हिस सेंटरला जरूर विचारा.

आता ‘हातानेच लॉक करा’. पुश-बटण स्टार्टच्या गाडीत चोराला तुम्ही रिमोटचं बटण दाबायची गरजच नसते. एकजण तुमच्या घराच्या दाराशी, दुसरा गाडीपाशी. घरात खुंटीला टांगलेल्या किल्लीचा सिग्नल ते यंत्रांनी गाडीपर्यंत पोचवतात. गाडीचं दार कसं लॉक केलंत, याने काहीच फरक पडत नाही. किल्ली घराच्या दारापासून लांब, सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा. पाऊच विकत घेतलात तर किल्ली त्यात घालून गाडीजवळ जा आणि हँडल ओढून बघा. दार उघडलं, तर पाऊच कुचकामी आहे.

मेसेजवर माझा खरा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. काच फोडून सीटवरची लॅपटॉपची बॅग उचलणाऱ्याला कोणताच कोड लागत नाही, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. बॅग डिकीत ठेवायची तर निघतानाच ठेवा. पार्किंगमध्ये उतरून, चार लोकांसमोर नको. ‘काका, ऑइल गळतंय’, ‘तुमचे पैसे पडलेत’ असं कोणी सांगितलं तर आधी काचा वर, किल्ली हातात, दारं लॉक, मगच खाली बघा. सर्वसमावेशक विम्यात काचेची भरपाई मिळते, लॅपटॉपची सहसा नाही.

आणि दुसरी किल्ली गाडीच्या कप्प्यात ठेवत असाल तर आजच काढा. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.