व्हिनेगर, आईंची शुगर आणि एक गोळी

ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण तेव्हा थोडी चिडले होते म्हणून उत्तर आज लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी माझ्या लेखात अ‍ॅपल सायडर व्हिनेगरला (सफरचंदाच्या रसाचा आंबवलेला शिरका) 'निव्वळ थोतांड' म्हटलं, मी काही डॉक्टर नाही, आणि गोरेगावला तुमच्या आईंनी चार महिने रोज सकाळी दोन चमचे घेतलं तर तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए1सी) 8.1 वरून 7.3 वर आली. 'मग रिपोर्ट खोटं बोलतो का?' असा तुमचा सवाल.

डॉक्टर मी नाहीच. परळला एका लॅबमध्ये पंचवीस वर्षं लोकांच्या रक्ताच्या नळ्या हाताळल्या, एवढीच माझी पुंजी. आणि 'निव्वळ थोतांड' हे शब्द मागे घेते. ते चूकच होतं.

कारण त्यात थोडं तथ्य आहे. 2004 साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी 29 जणांना पाव, लोणी, संत्र्याचा रस असं पिठूळ-गोड जेवण दिलं आणि त्याच्या जरा आधी पाण्यातून 20 ग्रॅम व्हिनेगर. ज्यांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं, पण मधुमेह अजून झाला नव्हता, त्यांच्यात चांगला फरक दिसला. ज्यांना मधुमेह झालेला होता त्यांच्यात कमी. व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक आम्ल जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावतं आणि पिष्ट पचवणाऱ्या काही विकरांनाही (एन्झाइम्सना) थोडा लगाम घालतं, म्हणून साखर रक्तात एकदम उसळत नाही. म्हणजे त्याचं काम भातापोळीच्या संगतीत आहे. सकाळी अनशापोटी घेऊन ते अडवणार कोणाला?

आणि हे काम आम्लाचं आहे, सफरचंदाचं नाही. साध्या पांढऱ्या व्हिनेगरवरही असेच प्रयोग झालेत. चायनीजच्या गाडीवर मिरच्या बुडवलेली बाटली असते ना, त्यातही आम्ल तेच. (ते प्या असं म्हणत नाहीये!) बाटलीच्या तळाशी जो गढूळ 'मदर' दाखवून तीन-साडेतीनशे रुपये घेतात, तो म्हणजे आंबवणारे जीवाणू आणि त्यांनी विणलेला सेल्युलोज. त्याने शुगर उतरते असं दाखवणारं काही माझ्या वाचनात नाही.

याने वजन उतरतं असंही म्हणतात, त्याचं चटकन सांगते. जपानमध्ये 2009 साली 175 स्थूल लोकांवर 12 आठवडे प्रयोग झाला, रोज एक किंवा दोन मोठे चमचे. वजन उतरलं एक ते दोन किलो. 2024 मध्ये लेबनॉनमधल्या एका अभ्यासाने सहा-आठ किलोंचा दावा केला आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी पोचला. सप्टेंबर 2025 मध्ये त्या नियतकालिकाने तो अभ्यास मागे घेतला, आकडेवारी विश्वासार्ह नाही म्हणून. हा दुसरा निरोप मात्र मला एकाही ग्रुपवर आला नाही.

आता माझ्या रागाचं कारण. मी स्वतः हे आठ महिने प्यायलेय, तेही पाणी जेमतेम घालून. कैरी खाल्ल्यावर दात आंबतात तसे माझे दात कायमचे आंबल्यासारखे झाले. गार पाणी सोडाच, साधी सोलकढीही झोंबायची. दाताच्या डॉक्टरांनी आरसा दाखवून सांगितलं, वरचं कवच झिजलंय आणि ते परत येत नाही. व्हिनेगरचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) तीनच्या आसपास, आणि कवच साडेपाचच्या खालीच विरघळू लागतं. तेव्हा आई घेणारच असतील तर एक मोठा चमचा पेलाभर पाण्यात, जेवणासोबत, आणि लगेच ब्रश नको. व्हिनेगरच्या गोळ्या तर नकोच. अशी गोळी घशात अडकून अन्ननलिकेला इजा झाल्याची नोंद आहे.

राहिला रिपोर्ट. रिपोर्ट खोटं बोलत नाही, पण तो कारणही सांगत नाही. तुमच्याच प्रतिक्रियेत पुढे आहे की याच चार महिन्यांत आईंनी रात्रीचा भात बंद केला आणि त्या रोज संध्याकाळी बागेत पाऊण तास चालायला लागल्या. सत्तरीच्या बाईने मुंबईत राहून, गुडघे धरून, हे केलं आणि शाबासकी बाटलीला? माझ्या हिशेबात आठातले सात आणे त्या चालण्याचे आणि न खाल्लेल्या भाताचे. एक आणा व्हिनेगरला द्या, माझी हरकत नाही.

पण शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'आता तर शुगरची एक गोळीही बंद झाली.' हे वाचून मी थांबले. ती कोणी बंद केली, डॉक्टरांनी की घरच्या घरी? 7.3 हा आकडा त्या गोळीसकट आलेला असेल तर पुढचा वेगळा येऊ शकतो. शिवाय आईंना जेवणानंतर पोट जड राहणं, दोन घासांतच भरल्यासारखं वाटणं, असं काही होतं का? बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात जठर आधीच मंदावलेलं असू शकतं. स्वीडनमध्ये अशा दहा रुग्णांना व्हिनेगर दिलं तेव्हा ते आणखी मंदावलं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम फार उतरत नाही ना तेही बघावं लागतं, आणि इन्सुलिन असेल तर शुगर फार खाली जायची भीती.

माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण गोळीचं तेवढं आज कळवा. इथे नको वाटलं तर मेलवर लिहा.